युद्धकाळातील प्रिन्स रूपर्ट (१९३९–१९४५)

प्रिन्स रूपर्ट हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले, अलास्काच्या वेशीवरचे बंदराचे गाव. १९४१ च्या जनगणनेत इथली वस्ती सुमारे ६,७०० होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत सैनिक, गोदी कामगार आणि अमेरिकन लष्कराची माणसे धरून ती तिपटीच्या घरात गेली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या अनेक लहान गावांचे रूप पालटले; कुठे विमानचालनाची शाळा आली, कुठे दारूगोळ्याचा कारखाना, कुठे युद्धकैद्यांची छावणी. प्रिन्स रूपर्टच्या वाट्याला जहाजे आली. त्यांतल्या एका जहाजाचे नाव मुंबईकर आजही विसरलेले नाहीत.

गाव केयन बेटावर वसले आहे. हा मूळचा त्सिमशियान लोकांचा मुलूख. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेचे शेवटचे स्थानक म्हणून गावाची आखणी झाली, १९१० मध्ये नगरपालिका आली आणि १९१४ मध्ये रेल्वे पूर्ण झाली. व्हँकुव्हरला मागे टाकील असे महाबंदर इथे उभारण्याचे स्वप्न रेल्वेचे अध्यक्ष चार्ल्स हेज यांनी पाहिले होते. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाजाबरोबर ते बुडाले आणि ते स्वप्नही मागे पडले. उरले ते मासेमारीचे गाव. मुख्य मासा हॅलिबट, म्हणजे आपल्याकडच्या लेपचा अवाढव्य भाऊबंद, आणि त्याच्या जोडीला स्कीना नदीच्या मुखाशी सामन मासा डब्यात भरणारे कारखाने. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि कोकणासारखा चार महिन्यांत उरकणारा नव्हे तर बारमाही. रस्ता नव्हता. बाहेर जायचे तर आगगाडीने, नाहीतर बोटीने.

कॅनडाने १० सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. प्रिन्स रूपर्टला पहिली दोन वर्षे ते लांबचेच वाटले. तरुण भरती होऊन पूर्वेकडे गेले, रेड क्रॉसच्या बायकांनी मोजे आणि मफलर विणायला घेतले, डबाबंद सामन आणि हेरिंगचा फार मोठा वाटा ब्रिटनकडे जाऊ लागला. नॉर्वेहून येणारे कॉड माशाचे तेल थांबले होते; जीवनसत्त्वासाठी त्या तेलाला पर्याय हवा होता. त्यामुळे ज्या मुशीला इथे कोणी विचारत नव्हते, जाळ्यात आली तर कोळी शिव्या देऊन परत पाण्यात टाकत, तिच्या तेलकट यकृताला भाव आला. हेकेट सामुद्रधुनीत मुद्दाम मुशीसाठी होड्या जाऊ लागल्या.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि गाव एका रात्रीत आघाडीवर आले. किनाऱ्यावर ब्लॅकआउट सुरू झाला. बंदराच्या तोंडाशी बॅरेट पॉइंटला तोफा सज्ज होत्या, सील कोव्हच्या तळावरून हवाई दलाची समुद्री विमाने गस्त घालू लागली. कोळ्यांना त्यांच्याच होड्यांसह नौदलात घेण्याची फिशरमेन्स रिझर्व्ह नावाची तुकडी युद्धाआधीच उभी होती. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालणाऱ्या या दर्यावर्दींना लोक ‘गमबूट नेव्ही’ म्हणत. १९४२ च्या जूनमध्ये जपानने अल्यूशन बेटांपैकी अट्टू आणि किस्का घेतली, तेव्हा भीती खरी ठरली. स्कीना नदीकाठच्या रुळांवरून टेरेस नावाच्या गावापासून प्रिन्स रूपर्टपर्यंत चिलखती आगगाडी धावू लागली. उघड्या डब्यांवर ७५ मिलिमीटरच्या तोफा आणि विमानविरोधी बोफोर्स. तिला शत्रूवर एकही गोळा झाडावा लागला नाही.

आता गावच्या बातम्यांविषयी. ‘डेली न्यूज’ हे इथले रोजचे वर्तमानपत्र. अशा गावात वर्तमानपत्र जगाच्या बातम्यांपेक्षा गावासाठी वाचले जाते: कोणाच्या घरी पाहुणे आले, चर्चच्या बायकांच्या विक्रीत काय काय होते, कोण बोटीने दक्षिणेला गेले. हॅलिबटच्या होड्यांची आवक आणि पौंडामागे मिळालेला भाव हा तर पोटापाण्याचा मजकूर. तो आधी वाचायचा आणि मग मथळे. युद्धात या नेहमीच्या मजकुराशेजारी नवे रकाने आले. रेशनच्या कुपनांच्या तारखा, ‘व्हिक्टरी लोन’ या युद्धकर्जाची जाहिरात, एआरपीच्या म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या सूचना, परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्रातल्या चार ओळी, आणि मधूनच एखादा छोटा चौकोनी फोटो: बेपत्ता, जखमी किंवा ठार.

ही शेवटची बातमी वर्तमानपत्राच्या आधी तारेने घरी पोचलेली असे. तारखात्याचा माणूस कोणत्या चढावर वळला हे शेजाऱ्यांना खिडकीतून दिसे. गाव खडकावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले आणि पायवाटा लाकडी फळ्यांच्या, त्यामुळे पावले ऐकू येत. छापील बातमीने गावाला नवे काही कळत नसे. पण ती कापून पवित्र ग्रंथात ठेवण्यासाठी हवी असे.

जे सगळ्यांना दिसत होते त्यातले बरेचसे छापता येत नव्हते. युद्ध सुरू होतानाच लागू झालेल्या ‘डिफेन्स ऑफ कॅनडा’ नियमांखाली जहाजांची ये-जा, पलटणींची नावे आणि ठिकाणे, तटबंदी यांबद्दल लिहायला बंदी होती. हवामानाच्या तपशिलावरही बंधने आली. बंदराच्या गावाला याचा अर्थ काय ते लक्षात घ्यावे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जहाज आत येताना दिसते, धक्क्यावर नवरा त्याचा माल उतरवतो, संध्याकाळी त्यावरचे खलाशी सिनेमाच्या रांगेत पुढे उभे असतात. आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या जहाजाचा उल्लेख नाही. कॅनडात वर्तमानपत्रांचे सेन्सॉर मुख्यतः संपादकांच्या सहकार्यावर चाले, दर अंक आधी तपासून घ्यावा लागत नसे. त्यामुळे काय गाळायचे हे संपादकालाच ठरवावे लागे. युद्धकाळातले अंक आज वाचताना जे आहे त्याच्याइतकेच जे नाही ते वाचावे लागते, आणि या गावाच्या इतिहासाची खरी गोम तिथेच आहे.

१९४२ च्या वसंतात अमेरिकन लष्कराने प्रिन्स रूपर्टला सिॲटल बंदराची शाखा म्हणून ताब्यात घेतले. अलास्काला सिॲटलपेक्षा इथून कितीतरी जवळ. गोदामे, बराकी, इस्पितळ, शेजारच्या पोर्ट एडवर्डला छावणी असे सगळे दलदल भरून आणि खडक फोडून उभे राहिले. अमेरिकन शिपायाचा पगार कॅनेडियन शिपायापेक्षा जास्त, त्यामुळे नाचाच्या रात्री कुरबुरी व्हायच्या. पण गावाला पहिल्यांदाच हाती पैसा दिसत होता. मंदीच्या दशकात नगरपालिकेचे दिवाळे वाजण्याची वेळ आली होती. आता एक खोली मिळेना. भाड्याच्या खाटा पाळीपाळीने वापरल्या जात, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा झोपायचा. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉरटाइम हाउसिंग’ या सरकारी कंपनीने कामगारांसाठी एकसारखी लाकडी घरे बांधली.

घरचा कारभार रेशनबुकावर चाले. साखर जुलै १९४२ पासून कुपनावर, माणशी आठवड्याला ८ औंस, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम. ऑगस्टमध्ये चहा-कॉफी आली: आठवड्याला १ औंस चहा किंवा ४ औंस कॉफी. डिसेंबरात लोणी, मे १९४३ मध्ये मांस. मुंबईत त्याच महिन्यात धान्याचे रेशन सुरू झाले हे इथे आठवते, पण दोन्हींत फरक मोठा होता. मुंबईत प्रश्न पोट भरण्याचा होता. इथे मासळी मुबलक होती आणि मांसाच्या कुपनांत ती धरलेली नव्हती. त्रास व्हायचा तो मुरांब्याच्या दिवसांत. रानातल्या हकलबेरी, सामनबेरी पिकून गळत असत आणि डब्यात साखर नसे. फळे टिकवण्यासाठी जादा साखर मिळे, तिचा हिशेब बायका महिना महिना आधी मांडत. कोणी चहात साखर घेणे सोडले, कोणी घरातल्या प्रत्येकाच्या नावाची वेगळी बरणी केली आणि जेवायला बसताना ज्याने त्याने आपापली उचलायची. पेट्रोलचे रेशन एप्रिल १९४२ पासून होते. त्याची इथे फारशी झळ लागली नाही. गाडी काढली तरी जायला रस्ता कुठे होता? तो रस्ता, स्कीनाकाठाने टेरेसला जाणारा, युद्धाच्याच गरजेने झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये खुला झाला.

गावाचे हृदय मात्र गोदीत होते. रेल्वेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथे एक तरंगती सुकी गोदी, म्हणजे जहाज पाण्याबाहेर उचलून घेणारी गोदी, बांधली होती आणि वीस-पंचवीस वर्षे ती किरकोळ दुरुस्त्यांवर तग धरून होती. आता तिच्यावर आधी सुरुंग टिपणारी नौदलाची लहान जहाजे बांधली गेली आणि मग दहा हजार टनी ‘फोर्ट’ वर्गातली मालवाहू जहाजे. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या आणि ब्रिटनला ती भरून काढायला नवी हवी होती. आराखडा एकच, देशभरच्या गोद्यांत तोच. लांबी सुमारे १३४ मीटर, वाफेचे इंजिन, वेग ताशी ११ सागरी मैल. सांगाडा आणि पत्रे रिव्हेटांनी जोडलेले.

रिव्हेट मारणे हे चौघांचे काम. एक जण भट्टीत लोखंडी खिळा पांढरट लाल होईपर्यंत तापवी आणि चिमट्याने वर भिरकावी. दुसरा पत्र्याच्या डब्यात तो झेली आणि भोकात बसवी. तिसरा मागून जड ठोकळा दाबून धरी आणि चौथा हवेच्या हातोड्याने पुढचे टोक चेपी. खिळा गार व्हायच्या आत सगळे उरकायचे. पावसात भिजलेल्या फळ्यांवर उभे राहून, एका जहाजासाठी लाखो वेळा. पुरुष कमी पडले तेव्हा बायका आल्या. कालपर्यंत कारखान्यात सामन साफ करणाऱ्या हातांनी इथे लोखंड उचलले. गोदीचा भोंगा हे गावाचे घड्याळ झाले.

गावातली सगळीच माणसे मात्र हा काळ पाहायला उरली नाहीत. स्कीनाच्या मुखाशी दोन पिढ्या मासेमारी करणारी जपानी वंशाची कुटुंबे होती, मुले इथल्याच शाळेत शिकलेली. डिसेंबर १९४१ मध्ये नौदलाने किनाऱ्यावरच्या त्यांच्या सुमारे १,२०० होड्या जप्त केल्या. स्कीनावरच्या होड्या एकमेकींना बांधून हिवाळी समुद्रातून दक्षिणेला ओढत नेल्या. १९४२ च्या सुरुवातीला सरकारने किनाऱ्यापासून १०० मैलांचा पट्टा जपानी वंशाच्या लोकांपासून रिकामा करण्याचा हुकूम काढला. प्रिन्स रूपर्टच्या कुटुंबांना आगगाडीत बसवून व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये नेले, जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या गोठ्यांत ठेवले आणि तिथून पुढे डोंगरातल्या ओस पडलेल्या खाणगावांत. देशभरात असे सुमारे २२,००० लोक हलवले गेले, त्यांत बहुतेक कॅनडाचेच नागरिक. त्यांची घरे आणि होड्या सरकारने परस्पर विकल्या. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ रोजी, आणि सरकारने माफी मागितली १९८८ मध्ये. युद्धकाळातल्या प्रिन्स रूपर्टच्या भरभराटीबद्दल लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही; होड्यांचा धक्का गजबजला होता, पण काही होड्यांचे मालक बदललेले होते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये दीडशे किलोमीटरवरच्या टेरेसला सैनिकांनी बंड केले. देशातच राहण्याच्या अटीवर सक्तीने भरती केलेल्या जवानांना युरोपात पाठवण्याचा निर्णय सरकारने घेतला होता. ते कवायतीला आले नाहीत, शस्त्रे घेऊन छावणीत बसले. प्रकरण आठवडाभरात शमले. सरकारने बातमी दडपण्याचा प्रयत्न केला, पण आगगाडीने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी ती होतीच.

१९४२ मध्ये याच गोदीतून ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज बाहेर पडले. स्टिकीन ही उत्तरेकडची नदी आणि हडसन्स बे कंपनीचे तिच्या नावाचे एक जुने ठाणे. जहाज ब्रिटनच्या चाकरीत गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघताना त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीला वर कापसाच्या गाठी चढल्या. १२ एप्रिलला ते मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले, १४ एप्रिलला दुपारी कापूस पेटला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, एकूण बळी शेकड्यांनी होते, मांडवीपर्यंत वस्त्या जळाल्या आणि सोन्याची एक वीट लांबवरच्या एका घराच्या व्हरांड्यात येऊन पडली. सगळ्या शहराने आवाज ऐकला, तरी सेन्सॉरने बातमी बाहेर जाऊ दिली नाही. दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती जगाला सांगितली. वार्ताहरांना सविस्तर पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. त्या जहाजाचे रिव्हेट ज्यांनी मारले होते ती माणसे तेव्हा प्रिन्स रूपर्टला त्याच वर्गातले पुढचे जहाज बांधत होती.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य गेले, गोदीचे काम आटले आणि पुढच्या दशकात ती मोडीत निघाली. बॅरेट पॉइंटची तोफांची काँक्रीटची ठाणी शेवाळाखाली शिल्लक आहेत, सील कोव्हवरून समुद्री विमाने अजून उडतात, युद्धकाळातली लाकडी घरे रंगरंगोटी करून वापरात आहेत. ‘डेली न्यूज’ २०१० मध्ये बंद पडले. १४ एप्रिलला भारतात अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो मुंबई गोदीतल्या त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ.