दात किडतात ते घोटाघोटाने

दाताला कीड लागली असं आपण म्हणतो पण किडलेला दात फोडून बघितला तर आत किडा बिडा काही नसतो. बॅबिलोनच्या काळातल्या लोकांनाही वाटायचं की दातात अळी शिरते आणि ती आतून पोखरते, आणि ही समजूत पुढे हजारो वर्षं टिकली. मग 1890 च्या सुमारास मिलर नावाच्या डेंटिस्टने सांगितलं की तोंडातले बॅक्टेरिया साखर खातात, त्यातून ॲसिड तयार होतं आणि ते ॲसिड दात विरघळवतं. म्हणजे दात कुणी कुरतडत नाही, तो विरघळतो.

आता हे विरघळणं नेमकं कसं होतं ते बघू, कारण सगळी गोम इथेच आहे. दाताच्या वरचं कवच म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ, वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिजच, पण तोंडातला पीएच (म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर यायला लागतं. तुम्ही गोड काही खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया काही मिनिटांतच पीएच खाली आणतात, मग लाळ कामाला लागते, ॲसिड धुऊन टाकते, निष्प्रभ करते आणि अर्ध्या तासाने, कधी तासाभराने गाडी परत रुळावर येते. एवढंच नाही तर लाळेतलं कॅल्शियम परत इनॅमलमध्ये जाऊन बसतं, म्हणजे थोडी झीज झालीच तर दुरुस्ती पण फुकटात होते.

पण दुरुस्तीला वेळ तर मिळाला पाहिजे ना! एक कप गोड कॉफी दहा मिनिटांत पिऊन संपवली तर दातावर एकच हल्ला. तीच कॉफी कॉम्प्युटरसमोर बसून घोट घोट करत दोन तास पुरवली (मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय) तर पीएच वर यायच्या आत पुढचा घोट पोटात, आणि दात जवळजवळ ते दोन्ही तास ॲसिडमध्ये भिजत. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त.

याचा पुरावा मिळाला तो स्वीडनमध्ये, आणि फार वाईट रीतीने मिळाला. 1940 च्या दशकात तिथल्या विपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड खायला घालून त्यांचे दात किडतात का ते बघितलं गेलं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही, आज असा प्रयोग कोणी करूच शकणार नाही आणि करूही नये. निष्कर्ष 1954 मध्ये छापून आले. जेवणासोबत भरपूर साखर दिली तरी किडण्याचं प्रमाण थोडंच वाढलं, पण दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटून बसणारी टॉफी दिली तेव्हा दातांची पार वाट लागली.

म्हणून गोड खायचंच असेल तर जेवणासोबत खा, तेव्हा लाळ तशीही भरपूर सुटलेली असते. आणि चिकटतं ते फक्त चॉकलेट टॉफीच असं समजू नका, बिस्किटं, चिप्स, मनुका हे पण दातांच्या खाचांमध्ये बराच वेळ बसून राहतं, चिप्स खारट असले तरी त्यातल्या स्टार्चची तोंडातच साखर होते. प्रमाणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, मोठ्या माणसाला ते अंदाजे 50 ग्रॅम होतात, निम्म्यावर आणलं तर अजून बरं. 330 मिलीच्या साध्या कोलाच्या एका कॅनमध्येच 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे बघा.

मग लोक म्हणतात आम्ही डाएट कोला पितो! त्यात साखर नाही हे खरंय, बॅक्टेरियाला खायला काही मिळत नाही, पण ते पेय स्वतःच चांगलं आंबट असतं त्यामुळे इनॅमल थेट झिजतं. लिंबूपाण्याचंही तेच.

उलट बाजूला साधं पाणी, दूध, चीज, शेंगदाणे बदाम. चीज चावताना लाळ सुटते आणि कॅल्शियमही मिळतं, त्यामुळे जेवणाच्या शेवटी गोडाऐवजी चीजचा तुकडा हा सौदा दातांना एकदम मानवतो. शुगरफ्री च्युइंगगम जेवणानंतर वीसेक मिनिटं चघळलं तरी लाळेचं काम होतं.

रात्रीचं मात्र गणित वेगळं. झोपेत लाळ जवळजवळ बंदच होते, त्यामुळे ब्रश केल्यावर घेतलेला गोड दुधाचा कप किंवा बाळाच्या तोंडात झोपेतही राहिलेली दुधाची बाटली, हे सगळं रात्रभर तसंच दातावर बसून राहतं. ब्रश फ्लोराईडच्या पेस्टने करा कारण फ्लोराईड मिळालेलं इनॅमल ॲसिडला जास्त दाद देत नाही. आणि काही आंबट खाल्लं प्यायलं असेल तर लगेच ब्रश घेऊन घासत बसू नका, तेव्हा इनॅमल मऊ पडलेलं असतं, आधी नुसती चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने.