घाम गळून उपयोग नाही, वाळायला पाहिजे

विदर्भातला माणूस मे महिन्यात मुंबईला आला की हमखास म्हणतो, आमच्याकडे ४५ असतं पण अशी चिकचिक नसते बाबा. बरोबर बोलतो तो. कूलर नागपुरात मस्त चालतो आणि मुंबईत नुसती दमट हवा फेकतो, त्याचं जे कारण तेच आपल्या अंगाचं पण.

आपण नुसते बसून असलो तरी शरीर साधारण ८० ते १०० वॅट उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकावीच लागते, नाहीतर ३७ अंश टिकणार कसे? मेंदूतला हायपोथॅलॅमस हे सगळं बघतो. आधी तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो, म्हणून तर उन्हात तोंड लाल होतं. पण बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असली की ही युक्ती उलटी पडते, मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून लादीवर पडला तर जवळपास काहीच नाही!

१७७४ साली लंडनमधे चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर १२० अंशांच्या वर तापवलेल्या खोलीत काही मिनिटं थांबून धडधाकट बाहेर आला, तिथेच ठेवलेलं मांस मात्र शिजलं. मला त्यातला पाण्याच्या भांड्याचा भाग जास्त आवडतो. इतक्या गरम खोलीत पण उघडं पाणी उकळेना, वर थोडं तेल सोडलं, वाफ अडली आणि मग उकळलं.

दमट हवा आपल्यावर तेच तेल सोडते. म्हणून थर्मामीटरला ओला कपडा गुंडाळून जे तापमान येतं ते बघायचं, ते ३५ ला गेलं की सावलीत पंख्याखाली बसलेला तरुण पण काही तासच टिकेल असं गणित आहे, आणि प्रत्यक्षात त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले तेव्हा पारा काही विदर्भाएवढा नव्हता.

अजून एक, उष्माघातात पॅरासिटामॉल देऊ नका. तापात मेंदूच ३७ चा आकडा वर सरकवतो आणि गोळी तो खाली आणते, उष्माघातात आकडा जागेवरच असतो, उष्णता बाहेर पडत नसते. माणूस असंबद्ध बडबडायला लागला तर १०८ ला फोन, सावलीत आडवा करायचा, अंगावर भरपूर गार पाणी आणि जोरात वारा.