म्यूर वुड्सची सहल : निघण्यापूर्वी एवढं वाचा

आजी-आजोबा आणि नातवंडांना एकत्र चालता यावं, अशी म्यूर वुड्स या रेडवुड झाडांच्या वनातली ही सहल आखली आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून आपण मरिन काउंटीत शिरतो. शेवटचा रस्ता वळणावळणाचा, घाटासारखा आहे. कुणाला गाडी लागत असेल तर आधी सांगा, पुढची सीट त्यांची.

बुंध्यातून मोटार आरपार जाते ते झाड इथे नाही. हे दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. ते उत्तरेला लेगेट गावात, इथून काही तासांवर आहे.

इथे आहेत कोस्ट रेडवुड, जगातली सर्वांत उंच वाढणारी झाडांची जात. या वनातलं सर्वांत उंच झाड सुमारे २५८ फुटांचं. बरीच मोठी झाडं ५०० ते ८०० वर्षांची आहेत. वर बघून मान दुखायला लागली की मुलांना खाली पडलेला शंकू दाखवा: एवढ्या झाडाचं फळ जेमतेम सुपारीएवढं! (दाखवा फक्त, खिशात घालू नका, इथलं काहीही उचलायला मनाई आहे.) काही बुंधे आतून जळून काळे पडलेले दिसतील, तरी वर झाड हिरवंगार असतं. साल फूटभर जाड असू शकते आणि तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्यामुळे आग सालीखालच्या जिवंत थराला सहसा संपवत नाही.

इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. समुद्रावरून येणारं धुकं फांद्यांवर साचून ठिबकतं आणि त्यावर झाडांचं भागतं. म्हणूनच जुलैतही स्वेटर हवा. पाहुण्या आई-बाबांना हे आमच्यापेक्षा तुम्ही पटवलेलं बरं.

हे वन वाचलं कसं, तेही सांगायला हवं. १९०७ साली एका पाणी कंपनीला इथल्या ओढ्यावर धरण बांधायचं होतं. जमिनीचे मालक विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी २९५ एकर सरळ केंद्र सरकारला देऊन टाकली. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. रुझवेल्ट यांना नाव केंटचं द्यायचं होतं. पण केंट यांनीच निसर्गरक्षणासाठी लिहिणारे जॉन म्यूर यांचं द्यायला लावलं.

मुख्य वाट सपाट आहे, फळ्यांची किंवा फरसबंद. स्ट्रॉलर आणि व्हीलचेअर आरामात जातात. वाटेत कॅथीड्रल ग्रोव्ह नावाची राई लागते, तिथे थोडं हळू बोला. ओढ्यावरच्या तिसऱ्या पुलावरून परत फिरलात तर तासाभरात होतं आणि आमच्या मते तेवढं पुरे. चौथ्या पुलावरून हिलसाइड ट्रेलने परतता येतं, पण त्यात चढ आणि पायऱ्या आहेत; गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

आत पाण्याशिवाय काही खाता-पिता येत नाही. डबा आपण नंतर म्यूर बीचवर उघडू. पार्किंगचं आरक्षण आम्ही करतो. प्रवेशाचं तिकीट वेगळं, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते लागत नाही. आत फोनला रेंज नसते, त्यामुळे परत भेटायची वेळ आणि जागा गाडीतून उतरतानाच ठरवून घेऊ.