धक्क्यावरची पाटी

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट यायची होती. भाचीच्या मांडीवर भरतीपरीक्षेचं पुस्तक. समोर पाटी: 'येथे वाहने उभी करू नयेत.' पाटीखालीच ओळीनं तीन स्कूटर.

"मामा, पुस्तकात हेच आलंय. विधान: सूचना लावली. गृहीतक: लोक ती पाळतील. उत्तर म्हणे, गृहीत आहे! इथे कोण पाळतंय?"

बहुतेकांची गफलत इथेच होते. गृहीतक खरं आहे का, हे विचारलेलंच नसतं. पाटी लावणाऱ्यानं मनात काय धरलं, तेवढं शोधायचं. कुणीच पाळणार नाही असं वाटलं असतं, तर त्यानं रंग कशाला वाया घालवला असता? लोकांना वाचता येतं, हेही त्यानं धरलंय. 'उभी केल्यास दंड होईल' हे मात्र आपल्या पदरचं. दंड नसला तरी पाटीचा अर्थ जात नाही.

शंका आली की गृहीतक उलटवून बघावं. 'बंदी लागली, आता मासळी महागणार' हे आपण दर जूनमध्ये ऐकतो. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात. पण बंदी आणि भाव यांच्यामधली कडी कुणी बोलत नाही: बाहेरून तेवढीच मासळी येणार नाही. उलटवा. बाहेरून तेवढीच येईल म्हणा, की युक्तिवाद कोसळला. म्हणजे हे गृहीतक. आता 'प्रत्येक गोंयकाराला रोज मासे लागतात' हे उलटवा. आमच्याकडे सोमवारी मासे शिजत नाहीत, म्हणून बांगडा काही स्वस्त होत नाही. युक्तिवाद उभाच राहिला. 'प्रत्येक', 'रोज', 'फक्त' असे शब्द पर्यायात दिसले की मी आधी तिथेच बोट ठेवतो.

आपल्याकडे हा खेळ जुना आहे. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही. म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे मीमांसकांनी, याला 'अर्थापत्ती' म्हटलं आणि स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, मानलं. न्याय दर्शनाच्या नैयायिकांनी ते अनुमानातच जमा केलं.

"पण न खाता कोणी जाड राहत नाही, हे धरलंच ना?" भाची म्हणाली.

धरलंच.

तेवढ्यात बोट लागली. चहाच्या गाड्यावरून तिघे उठले आणि पाटीखालच्या तिन्ही स्कूटर फेरीबोटीवर चढल्या. त्या रांगेत होत्या.