एनमवरून फंक्शनची निवड

नावे दिलेल्या मोजक्या पर्यायांपैकी (एनमपैकी) कोणता पर्याय आला आहे ते पाहून कोणते फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) चालवायचे हे ठरवण्याची प्रोग्रामिंगमधील रीत. मुंबईच्या लोकलचे तिकीट काढणारा एक काल्पनिक प्रोग्राम घेऊ. ‘दुसरा वर्ग’ आणि ‘पहिला वर्ग’ ही एनमची दोन मूल्ये, आणि प्रत्येकासाठी भाडे काढणारे वेगळे फंक्शन. खिडकीवर ‘एक ठाणे रिटर्न, फर्स्ट’ म्हटले की ‘फर्स्ट’ या एका शब्दावर फंक्शन ठरते.

निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत एनम हा प्रकार ठळकपणे आला. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीतही तो आहे, मात्र तिथे प्रत्येक नाव आतून साधा पूर्णांकच असतो.

निवड सहसा दोन तऱ्हांनी होते. एक स्विचची, म्हणजे मूल्य पाहून वाट निवडणाऱ्या रचनेची : प्रत्येक मूल्याला एक केस, म्हणजे एक वाट. दुसरी तक्त्याची : फंक्शन पॉइंटरचा (फंक्शन कुठे आहे ते सांगणाऱ्या पत्त्यांचा) अ‍ॅरे, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची रांग, करायचा आणि एनमचे मूल्य हाच त्यातला घर क्रमांक. तक्ता वेगवान म्हणून निवडला जातो; पण केसेस सलग आणि पुरेशा असल्या तर कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) स्विचचाही बहुधा तक्ताच करतो, तेव्हा वेगाचा मुद्दा लंगडा आहे.

कस लागतो तो यादी वाढते तेव्हा. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर देशातील पहिली वातानुकूलित लोकल धावली, तीही वेगळ्या भाड्याची. आपल्या प्रोग्राममध्ये ‘एसी’ हे तिसरे मूल्य आले. भाड्याचा स्विच सर्वांना आठवतो. पास, परतावा, छपाई यांतले स्विच राहून जातात. इथे ‘डिफॉल्ट’ केस, म्हणजे न लिहिलेल्या सगळ्या मूल्यांसाठीची वाट, घात करते. एसीचा प्रवासी गुपचूप दुसऱ्या वर्गात जाऊन बसतो, आणि सगळ्यांची सोय झालेली दिसल्याने कंपायलरही गप्प राहतो. डिफॉल्ट न लिहिता इशारे चालू ठेवले तर जीसीसी आणि क्लँग हे सीचे कंपायलर राहिलेले मूल्य नावानिशी दाखवतात. रस्ट भाषेतील मॅच (तिथला स्विच) तर सर्व पर्याय हाताळल्याशिवाय कंपाइलच होत नाही. एनमवरच्या स्विच एक्स्प्रेशनला (उत्तर म्हणून एक मूल्य देणाऱ्या स्विचला) जावा भाषेने २०२० च्या १४व्या आवृत्तीत हीच शिस्त लावली.

तक्त्याचे दुखणे निराळे. ‘एसी’ यादीत मध्येच घातला की पुढची मूल्ये एक घर सरकतात, तक्ता मात्र जागचा हलत नाही. म्हणून सी९९ पासून (सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीपासून) मिळालेल्या सोयीने प्रत्येक घरावर मूल्याचे नाव लिहावे. तरीही विसरलेल्या घरात शून्य पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) उरतो आणि तो चालवला की प्रोग्राम सहसा कोसळतो. चुकीचे भाडे आकारण्यापेक्षा हे एका परीने बरेच. डेटाबेसमध्ये एनमचा क्रमांकच साठवला असेल, तर मूल्य मध्ये घालण्याचा विचारही करू नये : जुने पास रातोरात वर्ग बदलतात.

जावात २००४ पासून एनमच्या प्रत्येक मूल्याला स्वतःची मेथड (त्याला जोडलेले फंक्शन) देता येते, त्यामुळे वेगळ्या स्विचची गरजच उरत नाही. पायथनमध्ये मात्र एनमच्या क्लासमध्ये नुसते फंक्शन मूल्य म्हणून लिहिले, तर ते एनमचा सदस्य (एक पर्याय) न होता मेथड होते, आणि यादीत ते दिसत का नाही हे शोधण्यात नवख्याची दुपार जाते.