तीन मिनिटांच्या तबकडीपासून तीस सेकंदांपर्यंत

शाहू महाराजांच्या दरबारात गायकाला वेतन मिळे आणि गाणं ऐकायचं तर समोर जाऊन बसावं लागे. 1883 साली सुरू झालेल्या देवल क्लब या संगीतसंस्थेमुळे दरबाराबाहेरचे कोल्हापूरकरही मैफलीला बसू लागले. पण गाण्याची विक्री म्हणजे अजून गायकाचा वेळच होता. गाणं ही वस्तू झाली ती ग्रामोफोनच्या तबकडीमुळे. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली आणि पुढं हा माल गावोगाव पोचला.

दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँ मात्र शेवटपर्यंत तबकडीच्या वाटेला गेले नाहीत. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत, त्यात जयपूर-अत्रौली घराण्याचा ख्याल कसा मावायचा? त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मोजक्याच तबकड्या दिल्या. त्यातली भैरवीची एक, ‘जात कहाँ हो’, 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली. गुरूंचं गाणं मात्र आज त्यांच्या शिष्यांच्याच गळ्यातून ऐकावं लागतं.

पुढं बोलपट आला. प्रभातने 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरातच काढला, त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. त्यानंतर कित्येक दशकं रेकॉर्डचा बाजार मुख्यतः चित्रपटगीतांवर चालला. कोणाचा आवाज तबकडीवर चढणार, हे हातावर मोजण्याइतक्या कंपन्या ठरवत.

ही मक्तेदारी मोडली कॅसेटनं, डिजिटल यायच्याही आधी. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट काढल्या आणि जोतिबाची, अंबाबाईची गाणी, पोवाडे, भारूडं, सगळ्यालाच बाजार मिळाला. महाद्वार रोडवर देवीच्या फोटो-कुंकवाशेजारी कॅसेट दिसू लागली. गीतकार-गायकांना बहुधा एकरकमी पैसे मिळत, गाणं चाललं तरी पुढं काही नाही. गाणं कंपनीचं आणि नाव गायकाचं, असा तो रोखठोक व्यवहार. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही असं ठरवलं. तोवर कॅसेटचा जमाना संपलाही होता.

डिजिटलची सुरुवात इंटरनेटनं झाली असं आपण धरून चालतो, पण 1982 ची सीडी हीच पहिली डिजिटल वस्तू. तिच्यावरचं गाणं आकड्यांत असल्यानं कितव्याही कॉपीचा दर्जा घसरत नव्हता, आणि कंपन्यांनी स्वतःच्या हातानं हा मूळ माल गिऱ्हाइकाला विकला. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेल्या एमपी3 या पद्धतीनं गाण्याची फाइल साधारण दहा-बारा पटींनी लहान केली. 1999 मध्ये इंटरनेटवर एकमेकांना गाणी फुकट देण्या-घेण्याची सोय करणारं नॅपस्टर आलं, 2001 मध्ये कोर्टानं ते बंद पाडलं, पण फुकट गाण्याची सवय काही गेली नाही.

आपल्याकडं नॅपस्टरचं काम मोबाइलच्या दुकानांनी केलं. काउंटरवर कॉम्प्युटर, गिऱ्हाइकानं काढून दिलेलं मेमरी कार्ड आणि ‘काय भरू? जुनी, नवी, लावणी, भक्तिगीतं?’ एवढाच प्रश्न. चिल्लर पैशांत शेकडो गाणी मिळत. दुकानदाराला पैसे मिळाले, कार्ड विकणाऱ्यालाही मिळाले. गाणाऱ्याला छदाम नाही. त्याच काळात कॉलर ट्यूनचे पैसे लोक दरमहा बिनतक्रार भरत, आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवून घेई.

2016 मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि कार्ड भरायची गरजच उरली नाही. 2019 मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय भारतात आलं. तिथला हिशेब गाण्यागणिक ठरलेल्या दराचा नसतो. वर्गणी आणि जाहिरातीचं उत्पन्न एकत्र करून, एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, त्या प्रमाणात ते वाटलं जातं. म्हणजे राधानगरीतल्या कोणी महिनाभर फक्त भजनं ऐकली, तरी त्याच्या वर्गणीतला मोठा भाग मुंबई-पंजाबच्या गाजलेल्या गाण्यांकडंच जातो. शिवाय 2024 पासून वर्षात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवरही जाहिरातीचा वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि बहुधा 4000 तासांचं पाहणं लागतं. घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करणाऱ्या भजनी मंडळाला दार उघडलं खरं, गल्ला मात्र उंबऱ्याच्या आतच राहिला.

वेळेचं गणितही बदललं. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की ऐकणं धरलं जातं, त्यामुळं सुरुवातीचं संगीत आखडतं घेऊन मुखडा लवकर आणायची घाई. पूर्वी तीन मिनिटं तरी होती!

म्हणून आज जत्रेच्या गावांत गाणाऱ्याला विचारा, तो यूट्यूबच्या पैशाचं बोलणार नाही. व्हिडिओ टाकायचा तो कार्यक्रमाची सुपारी मिळावी म्हणून. बोलणी करायला आलेली यात्रा कमिटी आधी मोबाइलवर व्ह्यूज बघते, मग बिदागीवर येते. गाडी, साउंड आणि साथीदारांचे पैसे जाऊन जे हातात पडेल, ती त्याची कमाई.