जलतापक, तात्कालिक (वायू व विद्युत्)

पाणी साठवून न ठेवता, नळ उघडताच वाहत्या पाण्याला उष्णता देणारे घरगुती उपकरण. महाराष्ट्रात ते गॅस गीझर आणि इन्स्टंट गीझर या नावांनी परिचित आहे. विजेवरच्या इन्स्टंट गीझरला बहुधा १ किंवा ३ लिटरची लहान टाकी असते. त्यामुळे काटेकोर अर्थाने तो पूर्णपणे तात्कालिक नसला, तरी त्याची गणना याच वर्गात होते.

इतिहास : या उपकरणाच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ हा मान लंडनचे बेंजामिन वॉडी मॉन यांना देतात. ते व्यवसायाने रंगारी होते आणि त्यांचे एकस्व (पेटंट) १८६८ चे आहे. मात्र त्यांच्या तापकाला धुराडे नव्हते. अमेरिकी लेखनात मूळचे नॉर्वेचे अभियंते एडविन रूड यांचे नाव पुढे येते व त्यासाठी सामान्यतः १८८९ हे साल दिले जाते. रूड यांचे त्या सालाशी जोडलेले काम बहुधा स्वयंचलित साठवण-तापकाचे असावे. पुढे पिट्सबर्गमधील त्यांच्या कारखान्याने तात्कालिक तापकही विकल्यामुळे दोन्ही गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते.

जर्मन परंपरेतही दोन दावे आहेत. रेमशाइड येथील योहान फायलांट यांनी १८९४ मध्ये ‘बंद पद्धती’च्या स्नान-तापकाचे एकस्व घेतले. तोवरच्या अनेक तापकांत ज्वलनातून निघणारे वायू थेट पाण्याच्या संपर्कात येत. फायलांट यांनी ते वेगळे ठेवले. त्याच सुमारास डेसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी इंधनवायूचे उष्मांक मोजण्यासाठी स्वतः बनविलेल्या उष्णतामापकाचे तत्त्व स्नान-तापकाला लावले आणि १८९५ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापली. (हेच युंकर्स पुढे संपूर्ण धातूच्या विमानांमुळे प्रसिद्ध झाले.) पाणी आणि ज्वलनवायू यांच्यामध्ये धातूची भिंत असणे हे आजच्या गीझरचे मुख्य लक्षण मानले, तर त्याचा प्रारंभ १८६८ च्या लंडनपेक्षा १८९० च्या दशकातील जर्मनीत मानणे अधिक सयुक्तिक ठरते. विद्युत् प्रकार विसाव्या शतकातला आहे. ब्राझीलमध्ये फवाऱ्यातच तापनतंतू बसविलेला विजेचा शॉवर घरोघरी रुळला.

महाराष्ट्रातील तांब्याचा बंब ही साठवणीची रीत असल्याने तो या वर्गात येत नाही.

शक्ती व प्रवाह : १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे ४.१९ किलोजूल उष्णता लागते. निवडीचे बरेचसे गणित या एका आकड्यावर उभे आहे. ३ किलोवॉटचा विद्युत् तापक पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवीत असेल, तर मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी देतो; २० लिटरची बादली भरण्यास ९ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ४.५ किलोवॉटला सुमारे ६ मिनिटे लागतात. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गॅस गीझर पाण्याला सुमारे १०.५ किलोवॉट शक्ती देतो आणि २० अंशांच्याच हिशेबाने तीच बादली ३ मिनिटांच्या आत भरतो.

एवढी शक्ती २३० व्होल्टच्या विजेतून घ्यायची झाल्यास सुमारे ४६ अँपिअर प्रवाह लागेल. सिंगल फेज जोडणीच्या सामान्य घराला तो पेलणारा नाही. जर्मनीत १८ ते २४ किलोवॉटचे विद्युत् तापक सर्रास वापरले जातात, कारण तेथे घरात थ्री फेज वीज असते. आपल्याकडे ३ किलोवॉटचा तापक १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, ४.५ किलोवॉटला जवळजवळ २० अँपिअर लागत असल्याने जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास वीज तोडणारा स्विच) हवा. अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) दोन्हींना आवश्यक आहे.

गॅस गीझरची अडचण दाबाची असते. पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही. गच्चीवरची टाकी गीझरपेक्षा १ मीटर उंचावर असेल तर दाब केवळ ०.१ बार मिळतो, म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर गीझर पुष्कळदा पेटतच नाही. ठिणगीसाठी दोन मोठे सेल पुरतात, त्यामुळे भारनियमनातही तो चालतो.

विषबाधा : निवडीचा विचार करताना हा मुद्दा सर्वांत आधी यायला हवा. गॅस गीझरचा सुमारे १२.५ किलोवॉटचा ज्वालक १० मिनिटे जळाला की जवळजवळ २ घनमीटर हवा वापरतो. लहान न्हाणीघरात एकूण हवाच ४-५ घनमीटर असते. ऑक्सिजन घटू लागला की ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने बांधला जातो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. आंघोळ करताना शुद्ध हरपलेल्या रुग्णाला अपस्माराचा (फिटचा) झटका आला असा समज होऊ शकतो. त्यातच गरम पाण्याने उद्भवणारा अपस्मारही दक्षिण भारतात खरोखर आढळत असल्याने निदान चुकण्याचा धोका वाढतो. खिडकी किंचित उघडी ठेवणे हा पुरेसा उपाय नव्हे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या सज्जात असावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत यावी. अशी जागा नसेल, तर धीमा असला तरी विजेचा तापकच घ्यावा.

खर्च : १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरमधील उष्णतेपैकी पाण्याला सुमारे १५० युनिटांइतकी मिळते. तेव्हा सिलिंडरचा दर आपल्या वीजबिलातील वरच्या टप्प्याच्या १५० युनिटांच्या दराशी ताडून पाहावा. पाइप गॅसचा दाब व उष्मांक वेगळे असल्याने सिलिंडरवरचा गीझर त्याला तसाच जोडता येत नाही.

मानके : विद्युत् तात्कालिक तापकांसाठी आयएस ८९७८ आणि एलपीजीवरील लहान तापकांसाठी आयएस १५५५८ ही भारतीय मानके आहेत.